गाडीचा सेल्समन फोन उचलत नाही, तेव्हा

चोपड्याहून एका शिक्षकांचा प्रश्न आला आहे. महिन्यापूर्वी ते जळगावच्या एका शोरूमला गेले, सीएनजीची छोटी एसयूव्ही पसंत केली, टेस्ट ड्राइव्ह घेतली. पतपेढीचं कर्ज मंजूर आहे. सेल्समन म्हणाला, "सर, दोन दिवसांत गाडीचं सांगतो." त्याला तीन आठवडे झाले. आता तो फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही. दसऱ्याला गाडी दारात हवी आहे. धुळ्याला जाऊ की नाशिकला, आणि लवकर मिळायला वरून पैसे द्यावे लागतात का, असं त्यांनी विचारलंय.

सर, मी सतरा वर्षं जळगाव आणि धुळ्याच्या शोरूममध्ये काढली. आधी सेल्समन, मग टीम लीडर, शेवटची काही वर्षं मॅनेजर. आता जळगावात विम्याचं आणि आरटीओचं काम करतो, त्यामुळे गाडी विकणारे आणि घेणारे दोघंही रोज समोर बसतात. वरून एक रुपया देऊ नका. धुळ्याला चौकशी जरूर करा. पण त्याआधी जळगावच्या त्या शोरूममध्ये तुमचं नाव नेमकं कुठे लिहिलंय ते बघा. तुमच्या प्रश्नात बुकिंगच्या पावतीचा उल्लेख नाही. पावती नसेल, तर तुम्ही रांगेत उभेच नाही. महिनाभर वाट तुम्ही पाहताय, शोरूमच्या हिशेबात मात्र तुम्ही फक्त चौकशी करून गेलेलं गिऱ्हाईक आहात.

आता तो पोरगा गप्प का, ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचा मार्ग आपोआप दिसतो.

शोरूममध्ये रोज सकाळी मीटिंग होते. फळ्यावर प्रत्येक सेल्समनचं नाव आणि पुढे रकाने: बुकिंग, डिलिव्हरी, फायनान्स, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज, एक्स्चेंज. त्याचा मूळ पगार तुटपुंजा असतो, घर चालतं ते या रकान्यांमधल्या आकड्यांवर. गाड्या भरपूर आणि गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा तो तुमच्या घरी येऊन चहा पितो. गाडी कमी आणि गिऱ्हाईक जास्त झालं, की प्रत्येक फोन म्हणजे त्याच्यासाठी एक न सुटणारा प्रश्न होतो. गाडी कधी येणार हे त्यालाच माहीत नसतं. खरं सांगावं तर तुम्ही दुसरीकडे जाल, खोटं सांगावं तर आठवड्याने तुम्ही पुन्हा विचाराल. आणि "हे गिऱ्हाईक गेलं" असं सिस्टिममध्ये टाकायचं, तर का गेलं, कुठे गेलं, याचं उत्तर दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभं राहून द्यावं लागतं. म्हणून तो चौकशी उघडी ठेवतो आणि फोन बाजूला ठेवतो. यात तुमचा अपमान करायचा हेतू बहुतेक वेळा नसतो. पण तुमचा महिना जातो, हे खरंच आहे.

मागणी उसळते तेव्हा किती उसळते, तेही लक्षात घ्या. 30 जुलै 2022 ला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाख बुकिंग झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये थार रॉक्सची पहिल्या तासात पावणेदोन लाखांच्या वर गेली. 2025 साली 15 ऑगस्टला जीएसटी कमी होणार म्हणून घोषणा झाली आणि गिऱ्हाईक थबकलं. महिनाभर शोरूम ओस. मग 22 सप्टेंबरला नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा कर 18 टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना होती आणि दसरा 2 ऑक्टोबरला. महिनाभर अडलेलं गिऱ्हाईक दहा दिवसांत एकदम अंगावर आलं. त्या दिवसांत माझ्याकडे विम्याला येणारी सेल्समन पोरं फोन उलटा ठेवून जेवायची, नाहीतर घास तोंडात जात नसे.

आता अशी एक गोष्ट सांगतो जी शोरूमबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. तुमचा मोबाइल नंबर ज्या सेल्समनने सिस्टिममध्ये टाकला, त्याची तुम्ही 'इन्क्वायरी' झालात. उद्या तुम्ही त्याच शोरूममध्ये दुसऱ्या पोराला गाठलंत, त्याने नंबर टाकला, की पहिल्याचं नाव वर येतं. मग हा दुसरा पोरगा हात काढून घेतो. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला हात लावला तर भांडणं होतात. पहिल्याने नोकरी सोडली असेल, आणि या धंद्यात पोरं फार भराभर सोडतात, तर तुमचा नंबर अशा माणसाच्या नावावर अडकून पडतो जो तिथे कामालाच नाही. म्हणून "दुसरा सेल्समन द्या" असं काउंटरवर म्हणून भागत नाही. टीम लीडरला किंवा सेल्स मॅनेजरला भेटून म्हणायचं: "माझी इन्क्वायरी दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर करा, आणि माझ्यासमोर करा." दोन मिनिटांचं काम आहे. बायकोचा, भावाचा नंबर देऊन नव्याने सुरुवात करू नका. पुढे कर्ज, बिल आणि आधार कार्डाची नावं जुळवताना घोळ होतो.

धुळ्याला असताना आमच्याकडे शिंदखेडा तालुक्यातले एक आबा यायचे. पायजमा, टोपी, खिशात छोटी डायरी. दर मंगळवारी, बाजाराचं काम उरकलं की अकरा-साडेअकराला हजर. खुर्चीत बसायचे, डायरी उघडायचे आणि विचारायचे, "गाडी उनी का भाऊ?" आवाज कधी चढवला नाही. समोरच्याने जे सांगितलं ते तारीख घालून लिहून घ्यायचे आणि त्याचं नाव विचारून तेही लिहायचे. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी मागचं पान वाचून दाखवलं: अमुक तारखेला अमुक भाऊ म्हणाले, पांढरी गाडी पुढच्या ट्रेलरला, म्हणजे कंपनीकडून गाड्या घेऊन येणाऱ्या मोठ्या ट्रकला, आहे. सेल्समनचा चेहरा उतरला. मी तेव्हा टीम लीडर होतो. यादी काढून बघितलं, तर आबांचं बुकिंग सिस्टिममध्ये वेगळ्याच व्हेरिएंटवर पडलेलं होतं. पांढऱ्या गाड्या येत होत्या आणि त्यांचं नाव कधी वर येणारच नव्हतं. ती दुरुस्ती झाली आणि पुढच्या ट्रेलरमधून त्यांना गाडी मिळाली. त्यांनी रोज दहा फोन केले असते, तर आम्हीही टाळलेच असते. त्या डायरीतल्या ओळींना मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा तुम्हीही सेल्समनचा नाद सोडून कागदाचा नाद धरा. मंगळवार ते गुरुवार सकाळी अकरा ते एक या वेळात शोरूमला जा. रविवारी आणि महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत प्रश्न घेऊन जाऊ नका, तेव्हा मॅनेजर बिलांच्या ढिगाऱ्यात असतो. बुकिंगची रक्कम भरा, पण भरण्याआधी फॉर्मवर चार गोष्टी लिहून घ्या: व्हेरिएंटचं पूर्ण नाव, रंग (पहिला आणि दुसरा), रद्द केल्यास किती पैसे कापणार, आणि अंदाजे डिलिव्हरीचा काळ. बहुतेक फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागेल. ते वाचून सही करा, कारण जानेवारीत कंपन्या अनेकदा भाव वाढवतात आणि मग शोरूमशी भांडून काही निघत नाही. पावती हातात आली की बुकिंग नंबर मागा. कंपनीच्या सिस्टिममधला नंबर, शोरूमच्या पावतीपुस्तकातला नव्हे. कंपनीचा मेसेज तुमच्या मोबाइलवर आला पाहिजे. आला नाही तर कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून विचारा की माझ्या नावावर बुकिंग दिसतंय का.

बुकिंगचे पैसे कोणाच्या खात्यात जातात, ते डोळ्यांत तेल घालून बघा. पाचोऱ्याकडचा एक तरुण माझ्याकडे आला होता, लग्न ठरलेलं, चेहरा पांढराफटक. सेल्समनने टेबलावर स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर कोड पुढे केला होता, "ऑफिसचा स्कॅनर बंद आहे, मी भरून टाकतो." याने एकवीस हजार पाठवले. पावती उद्या देतो, असं सेल्समन म्हणाला. उद्या कधी आला नाही, पोरगा नोकरी सोडून गेला आणि शोरूमने हात वर केले: आमच्या खात्यात पैसे आलेच नाहीत. मी त्याला यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि व्हॉट्सॲपचं बोलणं छापून शोरूमच्या मालकाकडे लेखी अर्ज द्यायला लावला, पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला लावली. पैसे परत मिळाले, पण चार महिन्यांनी, आणि गाडी लग्नानंतर आली. क्यूआर कोड स्कॅन केला की नाव दिसतं. तिथे शोरूमच्या फर्मचं नाव नसेल, तर मोबाइल खिशात घाला. रोख रकमेचंही तसंच. आपल्याकडे कापूस-केळीचा पैसा रोख येतो, मान्य आहे, पण आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणालाही स्वीकारता येत नाही. चेक किंवा आरटीजीएस, म्हणजे पुरावाही राहतो.

आता ट्रेलर येतो तेव्हा आत काय होतं ते सांगतो, कारण तुमची दसऱ्याची गाडी तिथेच ठरणार आहे. संध्याकाळी यार्डात ट्रेलर लागतो, सात-आठ गाड्या उतरतात. बुकिंग असतात चाळीस. मॅनेजर यादी घेऊन बसतो. पहिला नंबर ज्याचा, त्याचं कर्ज अजून बँकेत अडकलंय. दुसऱ्याला लाल हवी, आलीये राखाडी. तिसरा म्हणतो, अमावास्या आहे, पुढच्या आठवड्यात नेतो. कंपनीला मात्र महिन्याअखेर गाडी विकलेली दिसायला हवी, आणि उभ्या गाडीवर शोरूमला व्याज चढतं. मग मॅनेजर विचारतो, "पैसे तयार कोणाचे आहेत?" त्या क्षणी ज्याचं नाव सेल्समनच्या तोंडी येईल त्याची गाडी. म्हणून तुमच्या पतपेढीच्या मंजुरीपत्राची झेरॉक्स आधीच फाइलला लावून ठेवा. मार्जिनची, म्हणजे कर्जाशिवाय स्वतः भरायची रक्कम खात्यात ठेवा. महिन्याच्या पंचविशीला प्रश्न विचारू नका, पण एक मेसेज जरूर टाका, मॅनेजर आणि सेल्समन दोघांना:

"नमस्कार. बुकिंग नंबर अमुक, व्हेरिएंट अमुक, रंग पांढरा, दुसरी पसंती राखाडी. कर्ज मंजूर आहे, पत्र फाइलला आहे. रद्द झालेली किंवा न उचललेली गाडी असल्यास कळवा, 24 तासांत पैसे भरतो."

बास, एवढंच. रागाचा एक शब्दही नको. हा मेसेज मॅनेजरच्या कामाचा आहे, म्हणून तो वाचला जातो. सणाच्या आधी बुकिंग फार रद्द होतात, कर्ज नाकारलं जातं, घरातले नाही म्हणतात. अशा गाड्या तयार गिऱ्हाइकाला मिळतात.

पितृपक्षात आपल्याकडे कोणी गाडीचं नाव काढत नाही. मला विचाराल तर बुकिंगला आणि बोलणीला त्याहून चांगला काळ नाही. शोरूम रिकामं असतं, मॅनेजर तासभर बसून बोलतो, फाइल व्यवस्थित लागते. बुकिंग तेव्हा केलं तरी गाडी दसऱ्यालाच दारात येते आणि पूजा तेव्हाच होते. घरातल्या मोठ्यांना हे आधी नीट समजावून सांगा, त्यांचं मन राखणंही महत्त्वाचं.

वरच्या पैशांबद्दल. पावतीशिवाय कोणी काही मागत असेल तर लगेच मॅनेजरसमोर मोठ्याने विचारा की हे कशाचे. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' अशा नावाची रक्कम कोटेशनवर असेल तर ती का द्यायची हे लेखी मागा. बहुतेक वेळा ती तिथेच खोडली जाते. ॲक्सेसरीजची सक्ती हा मात्र अवघड प्रकार आहे. कायद्याने कोणी तुम्हाला वीस हजारांचे सीट कव्हर घ्यायला लावू शकत नाही, पण टंचाईच्या काळात फळ्यावरचे रकाने भरणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडी आधी मिळते, हे मी आत बसून पाहिलंय आणि त्याचा मला कधी अभिमान वाटला नाही. माझा सल्ला व्यवहाराचा आहे: मॅट, मडफ्लॅप असं जे तुम्हाला घ्यायचंच आहे ते तिथे घ्या, रक्कम कोटेशनवर लिहून घ्या आणि त्याच्या पुढे जाऊ नका. विम्याचं तसं नाही. कंपनी निवडायचा हक्क तुमचा आहे. नव्या कारला 1 सप्टेंबर 2018 पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा मूळ दर ठरवून दिलेला असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तेव्हा गाडीची विमा किंमत आणि झिरो डेप्रिसिएशनसारखी (पार्ट बदलताना घसारा न कापणारी) कव्हरं तीच ठेवून बाहेरून दुसरं कोटेशन आणा आणि शोरूमला दाखवा. बहुतेक ते तेवढ्याच पैशांत करून देतात, आणि त्यांचा रकानाही भरतो.

कोटेशन तपासताना आणखी दोन आकडे बघा. सीएनजीच्या खासगी गाडीवरचा राज्याचा कर 1 जुलै 2025 पासून एका टक्क्याने वाढून दहा लाखांपर्यंत 8 टक्के झालाय, तेव्हा जुनं कोटेशन घेऊन हिशेब करू नका. आणि गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली तर एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने तुमच्याकडून घेऊन तुमच्या नावावर भरायचा आयकर, लागतो. तो जादा खर्च नाही, पॅन नीट दिलं असेल तर आयकर विवरणात वळता होतो. पगारदार माणसाने तो सोडू नये.

धुळे की नाशिक? आधी धुळे. पण त्याच्याही आधी तुमच्या चोपड्यातच किंवा शिरपूरला त्या कंपनीचं छोटं आउटलेट किंवा गावातच राहणारा प्रतिनिधी आहे का ते बघा. तो पोरगा रोज बाजारात तुम्हाला भेटणार असतो, त्याच्या पुतण्याला तुम्हीच शिकवत असता. तो फोन टाळू शकत नाही. गाडी मूळ शोरूममधूनच येते, पण पाठपुरावा करणारा माणूस तुमच्या गावचा असतो. बाहेरच्या जिल्ह्यातून घेतली तर नंबरचं काय, ही भीती काढून टाका. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात नोंदणी करता येते, तेव्हा धुळ्यातून घेतलेल्या गाडीलाही तुमचा जळगावचा एमएच-19 मिळू शकतो. वॉरंटी आणि सर्व्हिस देशभर कोणत्याही अधिकृत ठिकाणी चालते. काही शोरूम हद्दीबाहेरचं गिऱ्हाईक घेत नाहीत, ते फोनवरच विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल. बऱ्हाणपूर किंवा सुरतहून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून, आणायचा विचार मात्र सोडा. तात्पुरती नोंदणी, इथला कर, पुन्हा इथली नोंदणी, यात दसरा निघून जाईल. बुकिंग एकाच ठिकाणी ठेवा. दोन ठिकाणी पैसे अडकवले की एक रद्द करताना कापले जातात.

एवढं करूनही जळगावचं शोरूम गप्प राहिलं तर मॅनेजरला ईमेल टाका, बुकिंगची तारीख आणि नंबर घालून, सात दिवसांत लेखी उत्तर मागा. मग कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. तो क्रमांक वरून शोरूमच्या गळ्यात पडतो आणि बंद केल्याशिवाय सुटका नसते, म्हणून त्याचा धाक असतो. पण ते अस्त्र पहिल्याच दिवशी काढू नका, आणि तक्रारीत सेल्समनला शिव्या देऊ नका. ठरलेलं काय आणि झालेलं काय, एवढंच लिहा. भरलेले पैसे परत देत नसतील तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग.

गाडी आल्याचा फोन येईल, तेव्हा घाईत पेढे घेऊन निघू नका. आधी चासी नंबर मागा आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. फॉर्म 21 वर, म्हणजे शोरूमच्या विक्री प्रमाणपत्रावर, महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. टंचाईत जुनी उभी गाडी सहसा निघत नाही, पण कोणीतरी नाकारलेली गाडी निघते, आणि ती का नाकारली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. यार्डात दिवसाउजेडी बघा, दारं आणि बॉनेटच्या कडांवरचा रंग हात फिरवून बघा, टायरवरची तारीख पाचही टायरांची जुळते का बघा, किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. बाकीचे पैसे त्यानंतर भरा. नोंदणी आणि नंबर प्लेटशिवाय गाडी रस्त्यावर घेऊ नका, मुहूर्त टळत असला तरीही. मुहूर्तावर शोरूमच्याच आवारात पूजा करून नारळ फोडता येतो, तशी सोय बहुतेक ठिकाणी करून देतात.

येत्या मंगळवारी जळगावला याल तेव्हा बुकिंगचा फॉर्म सही करण्याआधी माझ्याकडे घेऊन या. मी वाचून देईन, त्याचे पैसे नाहीत.